कैसराचा कर आणि कंपनीची देणगी



मत्तयच्या शुभवर्तमानातील कराच्या नाण्याचा प्रसंग (२२:१५-२२) आपल्या सर्वांच्या परिचयाचा आहे. परूशी येशूला अडचणीत पकडू पाहतात. येशू नाणे मागवतो, त्यावरची मुद्रा कोणाची ते विचारतो आणि कैसराचे कैसराला, देवाचे देवाला द्यायला सांगतो. या उताऱ्यावर बोलू लागलो की एक प्रश्न हमखास निघतो. आपण साबणाच्या वडीवर आणि बिस्किटाच्या पुड्यावरही कर भरतो. मोठमोठ्या कंपन्या मात्र तो टाळतात, आणि वर म्हणतात की आम्ही कायदा मोडला नाही. मग यात पाप कोणाचे?

आधी दोन शब्द वेगळे करू. कर चुकवणे म्हणजे खोटे हिशेब दाखवणे, उत्पन्न लपवणे. हा गुन्हा आहे, आणि ख्रिस्तसभेच्या धर्मशिकवणीने (क्र. २४०९) त्याला सातव्या आज्ञेखाली, म्हणजे चोरीबरोबर, ठेवले आहे. कर टाळणे वेगळे. त्यात व्यवहाराची मांडणी अशी करतात की तो कायद्याच्या पकडीतच येत नाही.

आपल्या मुंबईतलाच दाखला घ्या. २००७ साली व्होडाफोनने हचिसनकडून भारतातील मोबाईल व्यवसायातील मोठा वाटा सुमारे ११ अब्ज डॉलरला घेतला. मनोरे, ग्राहक, कचेऱ्या सारे भारतात. पण प्रत्यक्षात विकला गेला तो केमन बेटांवर नोंदलेल्या एका कंपनीचा शेअर. आयकर खात्याने सुमारे ११,००० कोटी रुपये मागितले. २०१० मध्ये मुंबई उच्च न्यायालयाने खात्याची बाजू उचलून धरली, तर जानेवारी २०१२ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने कंपनीच्या बाजूने निकाल दिला. सरकारने त्याच वर्षी मागील तारखेपासून कायदा बदलला, आणि २०२१ मध्ये तो बदल मागे घेतला. कोण बरोबर, यावर जाणकारांत आजही दोन मते आहेत. आमचे म्हणणे एवढेच की कायद्यात फट होती म्हणून हे घडू शकले.

फट कोण ठेवतो आणि कोण बुजवतो? कायदा करणारे. त्यांची निवडणूक ज्यांच्या पैशावर चालते, त्यांचा शब्द त्यांच्या कानी आधी पडतो. म्हणून कराचा विचार देणगीपाशी येऊन थांबतो.

हा धोका नवीन नाही. १९५७ मध्ये, अमरावती जिल्हा द्वैभाषिक मुंबई राज्यात होता तेव्हा, टाटा आयर्न अँड स्टील कंपनीला राजकीय पक्षांना देणगी देता यावी म्हणून आपल्या नियमपत्रात बदल हवा होता. प्रकरण मुंबई उच्च न्यायालयात मुख्य न्यायमूर्ती छागला यांच्यापुढे आले. कायद्यात मनाई नव्हती म्हणून त्यांनी परवानगी दिली, पण कंपन्यांचा पैसा लोकशाहीला गिळू शकतो असा स्पष्ट इशाराही दिला. पुढे १९६० मध्ये संसदेने अशा देणग्यांवर मर्यादा घातली, १९६९ मध्ये त्या पूर्ण बंद केल्या आणि १९८५ मध्ये पुन्हा खुल्या केल्या. २००३ पासून तर पक्षाला दिलेली रक्कम कंपनीच्या करपात्र उत्पन्नातून वजा होऊ लागली. (कमी दराची नवी करपद्धत निवडणाऱ्या कंपनीला ही सवलत सोडावी लागते.) देणगी पक्षाला, आणि तिचा काही भार सरकारी तिजोरीवर, म्हणजे तुमच्याआमच्यावर!

२०१३ च्या कंपनी कायद्यात मर्यादा तीन वर्षांच्या सरासरी नफ्याच्या साडेसात टक्के होती. २०१७ मध्ये ती काढून टाकली, आणि २०१८ पासून निवडणूक रोखे आले. कोणी कोणाला किती दिले हे मतदाराला कळणार नव्हते. सुमारे १६,५०० कोटी रुपयांचे रोखे विकले गेले. ते लहानमोठ्या अनेक पक्षांनी घेतले, सर्वांत मोठा वाटा केंद्रातील सत्ताधारी भाजपला मिळाला. १५ फेब्रुवारी २०२४ रोजी सरन्यायाधीश धनंजय चंद्रचूड यांच्या अध्यक्षतेखालील पाच न्यायाधीशांच्या पीठाने ही योजना घटनाबाह्य ठरवली. अमर्याद देणगीची मुभाही रद्द केली. मग याद्या बाहेर आल्या. नवी मुंबईत नोंदलेल्या क्विक सप्लाय चेन या कंपनीने एकूण ४१० कोटींचे रोखे घेतले होते. त्यातले ३६० कोटींचे २०२१-२२ या एका वर्षात, आणि त्या वर्षीचा तिचा नफा २२ कोटींच्याही आत! तेव्हाच्या कायद्याने हे बसत होते. त्यावरून कोणी लाच दिली असे म्हणता येत नाही, आणि आम्ही म्हणतही नाही.

पण प्रेषितांची कृत्ये २४:२४-२७ वाचा. सुभेदार फेलिक्स पौलाला कैदेत ठेवतो. त्याने लाच मागितली असे तेथे कोठेही लिहिलेले नाही. पौल आपल्याला पैसे देईल अशी त्याला आशा होती, म्हणून तो वरचेवर बोलावणे पाठवी आणि गप्पा मारी. पैसे आले नाहीत, आणि दोन वर्षांनी फेलिक्स गेला तेव्हाही पौल कैदेतच होता. काही न मागता, काही न बोलता न्याय कसा अडून राहतो हे संत लूकने चार ओळींत सांगितले आहे. देणगी देणारा आणि घेणारा यांच्यातही पुष्कळदा बोलावे लागत नाही.

आता नांदगाव पेठकडे. आपली एमआयडीसी उभी राहिली ती सरकारी जमीन, पाणी आणि सवलतींवर. विदर्भातील उद्योगांना राज्याच्या सामूहिक प्रोत्साहन योजनेतून कराचा काही भाग परत मिळतो. सवलत म्हणजे पाप, असे कोणी समजू नये. ती उघडपणे जाहीर होते आणि तिच्याबरोबर अटही असते: ८० टक्के कामगार स्थानिक हवेत. ही अट पाळली जाते का, हे विचारण्याचा हक्क आपल्याला आहे, कारण सोडलेला तो कर आपला आहे. गावच्या दवाखान्यातले औषध आणि जिल्हा परिषद शाळेचे छप्पर त्याच पैशातून येते. दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेने १९६५ मध्ये (आधुनिक जगातील ख्रिस्तसभा, क्र. ३०) न्याय्य कर बुडवणाऱ्यांना दोष दिला, तो समाजाचे हे देणे टाळले जाते म्हणूनच.

आणि एक बोचरी गोष्ट. मतदानाच्या आदल्या रात्री जी पाकिटे फिरतात, त्यांतला पैसा कोठून येतो? तो घेणाऱ्या घराने दुसऱ्या दिवशी फेलिक्सला नावे ठेवणे कठीण आहे. निर्गम २३:८ मध्ये लाच डोळसालाही आंधळे करते असा इशारा आहे, आणि तो फक्त अधिकाऱ्यांसाठी आहे असे आम्हांस वाटत नाही.

रोखे गेले, तरी धनादेशाने आणि निवडणूक न्यासांमार्फत देणग्या चालूच आहेत. वीस हजारांवरील देणगीदारांची नावे पक्षांना निवडणूक आयोगाकडे द्यावी लागतात आणि आयोग ती प्रसिद्ध करतो. आपल्या तरुणांपैकी ज्यांना संगणक हाताळता येतो, त्यांनी ही यादी उघडून वडीलधाऱ्यांना वाचून दाखवावी. लघु ख्रिस्ती समूहांनी या आठवड्यात फेलिक्सचा उतारा आणि लूक १९:१-१० मधील जक्कयाचा उतारा एकामागून एक वाचावा, आणि जक्कयाने चौपट परत द्यायचे ठरवले ते कोणाला, यावर बोलावे.