आभासी सर्व्हर आणि भाराचे संतुलन

वाराणसीच्या पंचगंगा घाटावर गंगा, यमुना, सरस्वती, किरणा आणि धूतपापा या पाच नद्यांचा संगम मानला जातो; डोळ्यांना मात्र एकटी गंगाच दिसते. परीक्षेचा अर्ज भरताना संकेतस्थळाचा पत्ताही एकच दिसतो. त्यामागे बहुधा अनेक सर्व्हर असतात. अखेरच्या दिवशी अर्ज वेळेत स्वीकारला जाणे त्यांच्यातील कामाच्या वाटणीवर अवलंबून असते.

विंडोज सर्व्हरमधील नेटवर्क लोड बॅलन्सिंग व्यवस्थेत एका गटात जास्तीत जास्त ३२ सर्व्हर येतात. प्रत्येक विनंती सर्वांपर्यंत पोहोचते. ती कोणी हाताळायची हे समान गणिती सूत्रानुसार ठरते व बाकीचे ती सोडून देतात. युनिकास्ट पद्धतीत सर्वांचा मॅक पत्ता एकच असतो. आभासी सर्व्हरची खरी अडचण येथेच आहे. हायपर-व्ही बदललेला मॅक पत्ता आपणहून चालू देत नाही. प्रत्येक आभासी नेटवर्क कार्डासाठी तशी परवानगी द्यावी लागते. मल्टिकास्ट पद्धतीत मूळ पत्ता कायम ठेवून गटाचा पत्ता जोडला जातो. मात्र काही राउटरमध्ये त्याची नोंद हाताने करावी लागते.

गटातील सर्व आभासी सर्व्हर एकाच यंत्रावर ठेवणे म्हणजे संतुलनाचा निव्वळ आभास होय, कारण ते यंत्र बंद पडताच सारा गट थांबतो. शिवाय ही व्यवस्था सर्व्हर चालू आहे की नाही एवढेच पाहते. त्यावरील संकेतस्थळ बंद पडले तरी विनंत्या तिकडे जातच राहतात. त्यासाठी वेगळी देखरेख ठेवावी लागते.