वार्धक्यातील दोन कागद : बक्षीसपत्र व आरोग्यपत्र

हयातीतच घरजमीन मुलांच्या नावे करून देण्याची रीत आपल्याकडे जुनी आहे. महाराष्ट्रात शेतजमीन किंवा राहते घर मुलास, मुलीस वा नातवंडास बक्षीस देताना मुद्रांक शुल्क अवघे २०० रुपये पडते. त्यामुळे बक्षीसपत्राकडे ओढा अधिक. दस्त नोंदला जातो, सातबाऱ्यावर नाव चढते. पुढे त्याच आईवडिलांवर औषधासाठी हात पसरण्याची पाळी आली तर परतीची वाट कोणती, हे मात्र दस्त करतेवेळी सहसा कोणी विचारीत नाही.

ही वाट आई-वडील व ज्येष्ठ नागरिक यांचा चरितार्थ व कल्याण अधिनियम, २००७ च्या कलम २३ मध्ये आहे. देणाऱ्याच्या मूलभूत सोयी व शारीरिक गरजा भागविण्याच्या अटीवर मालमत्ता दिली आणि घेणाऱ्याने ती अट मोडली, तर न्यायाधिकरण ते हस्तांतरण रद्दबातल ठरवू शकते. सारे बळ 'अट' या शब्दात आहे. हरियाणातील एका प्रकरणात अशी अट होती असे वृद्धेच्या अर्जात म्हटलेलेच नव्हते. सर्वोच्च न्यायालयाने डिसेंबर २०२२ मध्ये तिच्या बाजूचा आदेश रद्द केला. मध्य प्रदेशातील दुसऱ्या प्रकरणात बक्षीसपत्रासोबत सांभाळ करण्याचे मुलाचे वचनपत्र पुढे आले. दोन्ही कागद एकत्र वाचून न्यायालयाने जानेवारी २०२५ मध्ये बक्षीसपत्र रद्द करण्याचा आदेश कायम केला. तेव्हा निवास, अन्नवस्त्र व औषधोपचार यांची अट दस्तातच स्पष्ट शब्दांत लिहून घ्यावी. पोटच्या मुलाकडून लिहून काय घ्यायचे, हा संकोच स्वाभाविक असला तरी महागात पडतो.

दुसरा कागद आरोग्याचा. २९ ऑक्टोबर २०२४ पासून ७० वर्षे व त्यावरील नागरिकांना, उत्पन्नाची अट न ठेवता, आयुष्मान भारत योजनेत कुटुंबामागे वार्षिक ५ लाख रुपयांपर्यंतचे उपचार विनामूल्य मिळतात. वय आधारपत्रावरून धरले जाते. अंदाजाने लिहिलेले जन्मवर्ष येथेच अडते. सत्तरी उलटलेला माणूस कागदोपत्री अडुसष्टाचाच राहतो. ही दुरुस्ती दुखणे येण्यापूर्वी झालेली बरी.

हे संरक्षण मुख्यतः रुग्णालयात दाखल होऊन घेतलेल्या उपचारांपुरते आहे. रक्तदाबाच्या किंवा मधुमेहाच्या रोजच्या गोळ्यांचा भार घरावरच राहतो. वरील अधिनियमाने 'चरितार्था'च्या व्याख्येत औषधोपचाराचा समावेश केला आहे, ही बाब फारशी कोणाच्या लक्षात येत नाही. स्वतःचा निर्वाह करू न शकणाऱ्या आईवडिलांस मुलांविरुद्ध उपविभागीय स्तरावरील न्यायाधिकरणाकडे अर्ज करता येतो. दरमहा १०,००० रुपयांपर्यंतचा चरितार्थ मंजूर होऊ शकतो. नोटीस बजावल्यापासून ९० दिवसांत निकाल अपेक्षित असून अपवादात्मक परिस्थितीत ही मुदत ३० दिवसांनी वाढविता येते. वृद्ध व्यक्ती स्वतः अर्ज करण्यास असमर्थ असल्यास तिने अधिकार दिलेली कोणतीही व्यक्ती तो करू शकते. गावातील शिक्षक वा पंचायत सदस्यही.