सूत्रधाराचा अधिकार

माझी मातृभाषा कोंकणी, आणि बालपण समुद्रकाठी गेलेले. अध्यापनासाठी तिगावास आले तेव्हा येथील माती, पिके आणि बोली, सारेच मला नवे होते. परंतु मधल्या सुट्टीत मुलांचे जे पहिले भांडण कानी पडले, ते मात्र ओळखीचे निघाले : "हा नियम कोणी केला?" प्रश्न लहानांचा, पण उत्तर सोपे नाही. त्याचा विचार करण्यास एक विशेष प्रकारचा खेळ फार उपयोगी पडतो.

या खेळाला आपण भूमिकाखेळ म्हणू. चार-सहा जण टेबलाभोवती बसतात व प्रत्येक जण एका कल्पित पात्राची भूमिका घेतो. एक जण मात्र कोणाचाच भिडू नसतो. त्याला इंग्रजीत 'गेम मास्टर' म्हणतात. आपल्या नाट्यपरंपरेतील 'सूत्रधार' हा शब्द त्यास शोभेल. तो प्रसंग वर्णन करतो, आपले पात्र काय करील ते खेळाडू सांगतात, आणि यशाची खात्री नसेल तेथे फासा टाकतात. खो-खोच्या पंचापुढे आखलेले मैदान आणि छापलेले नियम असतात. येथे मात्र एखादा खेळाडू म्हणेल, "दाराला कुलूप आहे ना? मग मी कौले काढून आत उतरतो." असे प्रत्येक धाडस कोणत्या पुस्तकात आधी लिहून ठेवणार? तेथे सूत्रधारालाच निर्णय द्यावा लागतो.

हा अधिकार आला युद्धशास्त्रातून. १८२४ साली प्रशियाच्या सैन्यातील राइसविट्झ नावाच्या तरुण अधिकाऱ्याने युद्धखेळाची नियमावली प्रसिद्ध केली. दोन्ही पक्ष आपल्या आज्ञा पंचाला लिहून देत. पंच फासे व कोष्टके यांच्या साहाय्याने परिणाम ठरवी. पुढे नियमांचे ओझे जड वाटू लागले. १८७६ साली फॉन व्हेर्डी या प्रशियन सेनाधिकाऱ्याने असे मत मांडले की, अनुभवी पंचाने कोष्टकांवर विसंबण्यापेक्षा स्वतःच्या बुद्धीने निर्णय द्यावा. १९७४ साली अमेरिकेत गॅरी गायगॅक्स व डेव्ह आर्नेसन यांचा 'डंजन्स अँड ड्रॅगन्स' हा खेळ निघाला आणि पंचाचा सूत्रधार झाला. वाद मात्र तोच राहिला. एक पक्ष म्हणतो, लेखी नियम लहरीपासून रक्षण करतो. दुसरा म्हणतो, कोणताही नियम सर्व प्रसंग आधी पाहू शकत नाही. दोघांचेही म्हणणे खरे आहे.

मला याचा धडा वर्गातच मिळाला. एका पावसाळी शनिवारी मैदानावर चिखल असल्यामुळे मी वर्गात असा खेळ मांडला. मुले वाटसरू, मी सूत्रधार. पूर आलेली नदी ओलांडावयाची होती. चार किंवा अधिक पडल्यास पार, असे मी सांगितले. एका मुलाला चार पडले. तो पार झाला. मागच्या बाकावरील एका मुलीलाही चारच पडले. परंतु कथेला रंग यावा म्हणून मी म्हणाले, "पाणी वाढले आहे, आता पाच हवेत." ती काही बोलली नाही. फासा बाकावर ठेवून तास संपेपर्यंत खिडकीबाहेर पाहत राहिली. बाकीची मुले खेळत होती, पण आता ती फाशाकडे न पाहता माझ्या तोंडाकडे पाहू लागली होती.

नदीचे पाणी वाढविण्याचा मला अधिकार होता. पण फासा पडल्यानंतर नव्हे. सोमवारी सर्वांसमक्ष मी चूक कबूल केली व तिच्या वाटसरूला पैलतीरी पोहोचविले. तिने विचारले, "बाई, मग पुढे काय झाले?" आणि फासा पुन्हा हाती घेतला.

याउलट तुमचा 'कच्चा लिंबू' पाहा. धाकट्या भावाला खेळात घेता. तो बाद झाला तरी बाद धरीत नाही. नियम येथेही मोडतो, पण तो आधी सांगून, सर्वांच्या संमतीने आणि दुबळ्यासाठी मोडतो. म्हणून कोणी रुसत नाही.

आपल्या जवळचेच आणखी एक उदाहरण घ्या. पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी जाम नदीच्या पात्रातील पळसाच्या झेंड्यासाठी पांढुर्णा व सावरगाव यांची गोटमार होते. दरवर्षी शेकडो लोक जखमी होतात. काहींनी प्राणही गमावले आहेत. दगडांऐवजी रबरी चेंडू देण्याचा प्रयत्न प्रशासनाने करून पाहिला, पण तो टिकला नाही. नियम शहाणपणाचा होता. परंतु तो खेळणाऱ्यांच्या मनात उतरला नाही. "आता पुरे" असे म्हणणारा, दोन्ही काठांनी मानलेला पंच तेथे नाही, आणि त्याचे मोल रक्ताने चुकवावे लागते.

तात्पर्य, खेळाला सूत्रधार हवाच, आणि त्याचा अधिकार खेळाडूंच्या विश्वासावर उभा असतो. नियम मुका असेल तेथे त्याने बोलावे. बदल करावयाचा तर डाव पडण्यापूर्वी सांगावा. आणि चुकल्यास ते मान्य करावे. विद्यार्थी मित्रहो, उद्या तुमच्यापैकी कोणी वर्गनायक होईल, कोणी सरपंच, कोणी न्यायाधीश. "हा नियम कोणी केला?" असे कोणी विचारल्यास रागावू नका. त्याचे उत्तर देता येईल, असेच वागा.