सीमेवरची बादली

दिवाळीच्या सुटीत मामा अमेरिकेहून आले. मिशिगन राज्यातील डेट्रॉइट शहराजवळ मोटारीच्या एका कारखान्यात ते अभियंता आहेत. गळ टाकून मासे धरण्याचा त्यांना लहानपणापासून नाद. आल्याच्या चौथ्या दिवशी त्यांनी आईला विचारले, “अक्का, मुलांना घेऊन भंडारदऱ्याला जाऊन येऊ का?” आईने होकार देण्याचा अवकाश, ताई आणि मी तयारीला लागलो.

माझी तयारी मात्र गुप्त होती. शेजारच्या शेततळ्यात चिलापी मासे पुष्कळ होते. त्यांची बोटभर लांबीची वीसेक पिल्ले मी पंचाने धरली आणि पाण्यासह एका पत्र्याच्या डब्यात ठेवली. झाकणाला खिळ्याने भोके पाडली. चार-दोन पिल्ले गळाला आमिष म्हणून लावावीत आणि उरलेली भंडारदऱ्याच्या तळ्यात सोडून द्यावीत, म्हणजे पुढच्या सुटीत तेथे मोठमोठे मासे मिळतील, असा माझा बेत होता. तो ऐकून मामा शाबासकी देतील, अशी माझी खात्री होती.

आम्ही संगमनेरला राहतो. आमच्या गावावरून वाहणारी प्रवरा नदी भंडारदऱ्याकडूनच येते. त्यामुळे आमचा सारा प्रवास नदीच्या उगमाकडे चालला होता. अकोले मागे पडले, राजूर मागे पडले आणि रंध्याला आम्ही थोडा वेळ थांबलो. तेथे सारी प्रवरा एका खोल घळीत कोसळते. ताई कठड्याशी उभी राहून म्हणाली, “मामा, एखाद्या माशाला खालून वर जायचे असेल, तर तो काय करील?”

“काही करू शकणार नाही,” मामा हसून म्हणाले. “हा प्रश्न मात्र ध्यानात ठेव. मला त्याचे उत्तर आणखी एका ठिकाणी मिळाले आहे.”

थोड्याच वेळात आम्ही शेंडी गावी पोहोचलो. समोर धरण दिसू लागले. १९१० साली या धरणाचे बांधकाम सुरू झाले आणि १९२६ साली ते पुरे झाले. धरणाची उंची सुमारे ८२ मीटर आहे. मुंबई इलाख्याचे त्या वेळचे गव्हर्नर सर लेस्ली विल्सन यांच्या नावावरून त्याला विल्सन धरण म्हणतात. मागच्या जलाशयात सुमारे ११ अब्ज घनफूट पाणी मावते. पावसाळा नुकताच संपला होता. तळे काठोकाठ भरले होते. एका बाजूस रतनगडाचे डोंगर आणि दुसऱ्या बाजूस १,६४६ मीटर उंचीचे, महाराष्ट्रातील सर्वांत उंच शिखर कळसूबाई, अशा त्या देखाव्याकडे आम्ही पाहतच राहिलो.

मला गळ टाकण्याची घाई झाली होती. पण मामा आधी काठावर जाळे विणीत बसलेल्या एका वृद्ध कोळ्याकडे गेले. “बाबा, आम्ही येथे गळ टाकला तर चालेल का?” त्यांनी विचारले.

म्हाताऱ्याने मान वर केली. जलाशयातील मासेमारीचा हक्क सरकारचे मत्स्यव्यवसाय खाते मच्छीमारांच्या सहकारी संस्थांना ठेक्याने देते, हे मला तेव्हा प्रथमच कळले. तो संस्थेच्या चिटणीसांना विचारून आला आणि म्हणाला, “दोन-चार मासे धरा, खुशाल धरा. पण विचारलंत, हे बरं केलंत. न विचारता येणारेच फार.”

आम्ही पाण्याकाठच्या एका खडकावर बसलो. मामा कणकेच्या लहान लहान गोळ्या करून गळाला लावू लागले. डबा मी पाठीमागे, एका झुडपाच्या सावलीत ठेवला होता. तेवढ्यात ताईने विचारले, “मामा, अमेरिकेत गळ टाकायलाही परवानगी लागते का?”

“लागते तर! आणि तुम्ही गळ टाकायला दुसऱ्या देशात निघालात, तर आणखी पुष्कळ काही लागते,” मामा म्हणाले. “ऐका, माझी एक फजिती सांगतो.”

ते सांगू लागले.

“डेट्रॉइट शहर एका नदीच्या काठी आहे. नदीचे नावही डेट्रॉइटच. तिच्या एका तीरावर अमेरिका आणि दुसऱ्या तीरावर कॅनडा. नदीवर १९२९ साली बांधलेला ॲम्बॅसॅडर नावाचा मोठा पूल आहे. कॅनडा अमेरिकेच्या उत्तरेस, असे तुम्ही नकाशात शिकता; पण नदीला तेथे असे वळण आहे की, डेट्रॉइटहून कॅनडात शिरताना गाडी दक्षिणेकडे हाकावी लागते!

“एका उन्हाळ्यात मी आणि माझा एक मित्र कॅनडाच्या ऑन्टॅरिओ प्रांतात मासे धरायला निघालो. पारपत्रे, म्हणजे पासपोर्ट, बरोबर घेतली. कॅनडात शिरण्यास लागणारी बाकीची कागदपत्रे घेतली. ऑन्टॅरिओचा मासेमारीचा परवानाही काढला. गळ, दोऱ्या, तंबू, सारे काही गाडीत भरले. निघताना वाटेतल्या एका दुकानातून आमिषासाठी जिवंत लहान मासे विकत घेतले आणि एका बादलीत ठेवले.

“पूल ओलांडून आम्ही सीमेवरच्या चौकीपाशी आलो. अधिकाऱ्याने पारपत्रे पाहिली. कोठे जाणार, किती दिवस राहणार, हे विचारले. मग तो म्हणाला, ‘बरोबर फळे, मांस, जिवंत प्राणी असे काही आहे का?’ माझा मित्र चटकन ‘नाही’ म्हणाला. खरे सांगतो, क्षणभर मीही गप्प राहिलो. मनात आले, एवढ्याशा माशांसाठी कशाला खोळंबा? पण गप्प बसणे म्हणजे खोटे बोलणेच होते. मी म्हणालो, ‘साहेब, माझ्या मित्राची चूक झाली. मागे एका बादलीत जिवंत मासे आहेत.’

“अधिकाऱ्याने गाडी बाजूला घ्यायला लावली. मला वाटले, आता दंड होणार. पण त्याने फक्त बादली काढून घेतली आणि शांतपणे सांगितले, ‘आमिषासाठी जिवंत मासे ऑन्टॅरिओत आणण्यास कायद्याने बंदी आहे. इकडे घेतलेले आमिषही उरले, तर ते पाण्यात सोडता येत नाही. बादलीतले पाणीसुद्धा नदी-तळ्यापासून तीस मीटरांच्या आत ओतता येत नाही.’ मी म्हणालो, ‘अहो, पण मासे तर याच नदीच्या दोन्ही तीरांना फिरत असतात!’ तो म्हणाला, ‘तुमचे मासे कोठल्या पाण्यातले, हे तुम्हांला ठाऊक आहे का? तुमचे पारपत्र मी पाहिले. यांचे कोण पाहणार?’ त्याला देण्यासारखे उत्तर माझ्याजवळ नव्हते.”

“एवढ्या लहान माशांची इतकी भीती?” मी विचारले. माझा आवाज मला थोडा बदललेला वाटला.

“मलाही त्या दिवशी तसेच वाटले,” मामा म्हणाले. “म्हणून घरी परत आल्यावर मी त्याविषयी वाचले. अमेरिका व कॅनडा यांच्या सीमाभागात पाच प्रचंड सरोवरे आहेत. त्यांतील एरी सरोवराचे पाणी नायगारा धबधब्यावरून खाली ऑन्टॅरिओ सरोवरात पडते. अटलांटिक महासागरात लॅम्प्रे नावाचा एक जलचर असतो. तो दिसतो वामेसारखा, पण त्याला जबडा नसतो. वाटोळे तोंड आणि त्यात दातांची वर्तुळे. तो दुसऱ्या माशाच्या अंगाला चिकटतो आणि त्याचे रक्त शोषतो. मोठा झाल्यावर एक लॅम्प्रे आपल्या आयुष्यात अठरा किलोंपर्यंत मासे मारू शकतो. हा लॅम्प्रे ऑन्टॅरिओ सरोवरापर्यंत पोहोचला होता. पण वर जाऊ शकत नव्हता. का, सांग बरे?”

“नायगारा धबधबा!” ताई ओरडली. “रंध्यासारखाच!”

“बरोबर. पण धबधब्यातून जहाजेही वर जात नव्हती. म्हणून माणसांनी बाजूने वेलंड नावाचा कालवा खणला. १८२९ साली तो सुरू झाला आणि पुढे अनेकदा रुंद व खोल केला गेला. जहाजांना वाट मिळाली, तशी लॅम्प्रेलाही मिळाली. १९२१ साली तो एरी सरोवरात आढळला आणि १९३९ पर्यंत वरच्या सर्व सरोवरांत पसरला. त्या सरोवरांत ट्राउट नावाचे उत्तम मासे असत. पूर्वी दोन्ही देशांचे मच्छीमार त्यांतून वर्षाला सुमारे ६८ लाख किलो ट्राउट धरीत. १९६० नंतरच्या पहिल्या वर्षांत हा आकडा दीड लाख किलोंच्याही खाली आला. काठावरच्या कितीतरी मच्छीमारांचा धंदा बसला.

“मग दोन्ही देश जागे झाले. एकट्याने उपाय करून भागण्यासारखे नव्हते; कारण पाणी दोघांचे होते. १९५४ साली त्यांनी करार केला आणि पुढच्या वर्षी सरोवरांतील माशांच्या रक्षणासाठी एक संयुक्त आयोग नेमला. शास्त्रज्ञांनी सुमारे सहा हजार रसायने तपासली. तेव्हा कोठे ओढ्यांतील लॅम्प्रेची पिल्ले मारणारे, पण इतर माशांना फारसा अपाय न करणारे एक रसायन हाती लागले. १९५८ पासून ते वापरतात. लॅम्प्रे पुष्कळ कमी झाले. पण संपले नाहीत. २०२० आणि २०२१ साली रोगाच्या साथीमुळे हे काम मंदावले, तर त्यांची संख्या पुन्हा वाढली. एकदा आत आलेल्या पाहुण्याला बाहेर घालवण्याचे काम अजून चालूच आहे.”

मामा क्षणभर थांबले. मग म्हणाले, “सीमा म्हटली की आपल्याला परदेश आठवतो. पण आपल्या मराठी मुलखातही अशी सीमा होती. सावंतवाडीहून बांद्याच्या पुढे पत्रादेवीपाशी गेले की, तेथे पोर्तुगिजांचा अंमल सुरू होई. डिसेंबर १९६१ मध्ये गोवा मुक्त झाला आणि ती सीमा गेली. माणसांच्या सीमा अशा बदलतात. डोंगर आणि धबधबे यांनी घातलेल्या सीमा मात्र फार जुन्या असतात. त्या आपण न कळत मोडतो.”

माझ्या पाठीमागे डब्यात चुळबुळ झाली. मला ती साऱ्यांना ऐकू गेली असावी, असे वाटले. डबा हळूच उचलून झुडपाच्या आत ढकलावा, असा विचार मनात आला. पण लगेच ती चौकी, ती बादली आणि क्षणभर गप्प राहिलेले मामा डोळ्यांपुढे उभे राहिले. मी उठलो आणि डबा आणून मामांसमोर ठेवला.

“मामा, यात चिलापीची पिल्ले आहेत. मी ती तळ्यात सोडणार होतो.”

मामा रागावले नाहीत. त्यांनी झाकण उघडून पाहिले. तो वृद्ध कोळीही जवळ आला. मामा म्हणाले, “चिलापी हा मूळचा आफ्रिकेतला मासा. १९५२ साली तो आपल्या देशात आणला. भरपूर मासळी मिळावी, हा हेतू चांगला होता. पण त्याची मादी अंडी तोंडात धरून सांभाळते, त्यामुळे पिल्ले फार जगतात आणि वर्षातून अनेक वेळा वीण होते. इतर माशांचे अन्न आणि जागा तो बळकावू लागला. म्हणून १९५९ सालीच तो आणखी पसरवू नये, असे ठरले. तोवर तो पुष्कळ ठिकाणी पोहोचला होता.”

“आम्ही रोहू-कटल्याची बोटुकली सोडतो, तीही मोजून आणि खात्याला विचारून,” म्हातारा म्हणाला. “पाण्यात सोडलेलं पुन्हा ओंजळीत येत नाही, पोरा.”

“आणि हे पाणी येथेच थांबत नाही,” मामा म्हणाले. “येथून ते अकोल्याला जाते, तुमच्या संगमनेरला जाते. प्रवरासंगमाला ते गोदावरीला मिळते. तेथून जायकवाडीचा नाथसागर, पुढे तेलंगण, आंध्र प्रदेश आणि शेवटी बंगालचा उपसागर. त्या वाटेवर माशांची बादली तपासायला कोणी अधिकारी बसलेला नाही. रंध्याचा धबधबा आणि हे धरण यांना ओलांडून कोणताही मासा वर आला नसता. तुझा डबा मात्र आज मोटारीत बसून वर आला!”

आम्ही सारे हसलो, मीही हसलो. पण माझे डोळे किंचित भरून आले होते. म्हाताऱ्याने माझ्या पाठीवर हात ठेवला.

दुपारपर्यंत आम्ही कणकेच्या गोळ्यांवरच गळ टाकला. ताईला दोन लहान मासे मिळाले. मला एकही मिळाला नाही. परत येताना डबा माझ्या मांडीवर होता. रंध्यापाशी आल्यावर मामांनी गाडी थांबवली नाही. पण मी खिडकीतून त्या कोसळणाऱ्या पाण्याकडे पाहत राहिलो. संध्याकाळी घरी पोहोचताच मी प्रथम शेततळ्यावर गेलो आणि पिल्ले होती तेथेच सोडली. त्यांतील एकही मेले नव्हते. डबा मात्र मी जपून ठेवला आहे. झाकणाची ती भोके दिसली की, मला दूरच्या त्या पुलावरची चौकी आठवते.

शब्दार्थ

पारपत्र – परदेशी जाण्यासाठी सरकारने दिलेले ओळखपत्र, पासपोर्ट. आमिष – गळाला लावलेले खाद्य. ठेका – ठरावीक रक्कम घेऊन दिलेला हक्क. बोटुकली – बोटाएवढी वाढलेली माशांची पिल्ले. वीण – पिलांचा जन्म. वाम – सापासारखा लांबट मासा. अंमल – सत्ता. घळ – डोंगरातील अरुंद, खोल जागा.

अभ्यास

१. गळ टाकण्यापूर्वी मामांनी कोणाला विचारले? का?
२. सीमेवरच्या अधिकाऱ्याने बादली का काढून घेतली?
३. नायगारा आणि रंधा या दोन धबधब्यांत लेखकाला कोणते साम्य दिसले?
४. लॅम्प्रेचा बंदोबस्त एकट्या देशाला का करता आला नसता?
५. ‘पाण्यात सोडलेलं पुन्हा ओंजळीत येत नाही,’ असे म्हातारा का म्हणाला?
६. डबा लपवावा की दाखवावा, असा प्रश्न लेखकाला पडला. त्या वेळी त्याच्या मनात आलेले विचार पाच-सहा वाक्यांत लिहा.
७. महाराष्ट्राच्या नकाशात प्रवरा नदी उगमापासून गोदावरीच्या संगमापर्यंत दाखवा. आपल्या गावाजवळच्या नदीचे पाणी शेवटी कोठे जाते, ते शोधून काढा.