रिकामा डबा आणि आठ बांगड्या

"डॉक्टर, पुढच्या आठवड्यात हिचा पहिला वाढदिवस आहे. मेंदूच्या वाढीला चांगलं असं कुठलं खेळणं घेऊ?"

तपासणी झाली, लसीची पुढची तारीख कार्डावर लिहून झाली, की हा प्रश्न येतोच. विचारणाऱ्याच्या हातात मोबाइल असतो आणि त्यावर तीन-चार फोटो. एक हत्ती इंग्रजी मुळाक्षरं म्हणतो, एका पियानोला रंगीत दिवे आहेत. किमती वाचून माझाच जीव दडपतो. पण आईबाबा मनापासून विचारत असतात. आपलं मूल मागे पडेल ही धास्ती खरी असते, म्हणून उत्तरही सरळ द्यायला हवं. पहिल्या तीन वर्षांत मुलाच्या वाढीसाठी एकही खेळणं विकत आणायची गरज नाही. ज्यांना परवडत नाही त्यांचं मन राखायला मी हे सांगत नाही. ज्यांच्या घरी खेळण्यांनी कपाट भरलं आहे, त्यांना तर आधी सांगते.

असंच एक भरलेलं कपाट गेल्या पावसाळ्यात माझ्याकडे आलं. म्हणजे आल्या होत्या आजी, दीड वर्षाच्या नातवाला घेऊन. "घरात पाय ठेवायला जागा नाही एवढी खेळणी आहेत, पण हा एकाशी दोन मिनिटं खेळेल तर शपथ. याचं कशात लक्षच लागत नाही हो." मी तपासलं. ऐकू व्यवस्थित येत होतं, हाक मारली की बघत होता, पंख्याकडे बोट दाखवून आजीकडे वळत होता. काळजीचं काही दिसेना.

माझ्या टेबलाच्या खालच्या खणात एक पत्र्याचा गोल डबा असतो. त्याच्या प्लॅस्टिकच्या झाकणाला मी एक लांबट चीर पाडून ठेवली आहे. सोबत स्टीलच्या आठ साध्या बांगड्या. मी डबा जमिनीवर ठेवला, एक बांगडी चिरेतून आत टाकली आणि गप्प बसले. खण्ण आवाज झाला. मुलानं डब्याकडे बघितलं, मग माझ्याकडे. दुसरी बांगडी त्यानं उचलली आणि झाकणावर आडवी ठेवून दाबली. जाईना. पुन्हा दाबली. मग मनगट वळलं, बांगडी उभी झाली, कड चिरेत अडकली आणि सुटली. खण्ण! त्यानं डबा हलवून ऐकला, झाकणाला डोळा लावून आत बघितलं आणि "आजी, गेली" म्हणाला. आठही बांगड्या आत गेल्यावर त्यानं डबा आजींपुढे धरला, उघडून द्या म्हणून. आमचं बोलणं चाललं होतं तेवढ्यात त्यानं हा खेळ चार वेळा केला. मी घड्याळ बघत होते. अकरा मिनिटं झाली होती, आणि याच मुलाचं लक्ष लागत नाही अशी तक्रार होती.

त्या अकरा मिनिटांत काय काय झालं बघा. चिमटीत धरणं, मनगट फिरवणं, डोळा आणि हात यांचा मेळ. नजरेआड गेलेली वस्तू आत आहेच, हा भरवसा. एक युक्ती फसली म्हणून दुसरी करून बघणं. मदत मागणं. आणि "गेली" हा शब्द, अगदी नेमक्या क्षणी. बटण दाबल्यावर गाणारा हत्ती यातलं काहीच करून घेत नाही. सगळं काम हत्तीच करतो, मुलाला फक्त बघत बसायचं असतं. खेळणं निवडताना माझा निकष हाच असतो: काम कोण करतंय, वस्तू की मूल?

याला अभ्यासांचाही आधार आहे. अमेरिकेतल्या टोलिडो विद्यापीठाच्या, २०१८ साली प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात दीड ते अडीच वर्षांच्या ३६ मुलांना एकदा ४ आणि एकदा १६ खेळणी देऊन खेळू दिलं. खेळणी चारच होती तेव्हा मुलं एकेका खेळण्याशी जास्त वेळ रमली आणि जास्त तऱ्हांनी खेळली. नॉर्दर्न ॲरिझोना विद्यापीठाच्या दुसऱ्या एका पाहणीत १० ते १६ महिन्यांच्या २६ बाळांच्या घरातलं बोलणं ध्वनिमुद्रित केलं होतं. गाणारी-बोलणारी बॅटरीची खेळणी समोर असताना आईवडील कमी बोलले. पुस्तक उघडलं तेव्हा सर्वांत जास्त बोलले. दोन्ही अभ्यास लहान आहेत, पण माझ्या दवाखान्यात मी रोज बघते ते याहून वेगळं नाही. खेळणं बोलायला लागलं की घर गप्प होतं, आणि बाळ भाषा शिकतं ती घरातल्या माणसांकडून.

मग द्यायचं काय? सहा महिन्यांपर्यंत तुमचा चेहरा, तुमचा आवाज आणि जमिनीवर अंथरलेली गोधडी पुरते. जागं असताना बाळाला रोज थोडा थोडा वेळ पोटावर झोपवा. दिवसभरात मिळून निदान अर्धा तास व्हावा, असं जागतिक आरोग्य संघटना सांगते.

बाळ बसायला लागलं की एका पसरट टोपलीत घरातल्या दहा-बारा वस्तू ठेवा: लाकडी उलथनं, स्टीलची वाटी, सुती रुमाल, मोठी कडची, नारळाची घासून गुळगुळीत केलेली करवंटी, चहाची गाळणी. एलिनॉर गोल्डश्मिड या ब्रिटिश बालशिक्षणतज्ज्ञांनी अशा टोपलीचा प्रसार केला, आणि आपल्या स्वयंपाकघरात ती न मांडताच तयार असते. थंड, गरम, खरखरीत, जड, हलकं हे सगळं बाळ तोंडाने आणि हाताने शिकतं. तुम्ही शेजारी बसा. नावं सांगा, पण हातातली वस्तू काढून घेऊन "असं वाजव" म्हणू नका.

एक ते तीन या वयात मुलाला तुमचं काम हवं असतं. पोळ्या करताना कणकेचा गोळा द्या. मोजे जोडीने लावू द्या, धुतलेले कपडे बादलीतून एकेक करून हातात द्यायला सांगा. भरायचं, ओतायचं, पुन्हा भरायचं, हे त्यांना कितीही वेळ पुरतं. आपली भातुकली याच ओढीतून आली आहे. तारा मोडक आणि अनुताई वाघ यांनी बोर्डी-कोसबाडला आदिवासी मुलांसाठी बालवाड्या चालवल्या, तेव्हा शिंपले, बिया, पानं, दगड हीच त्यांची साधनं होती. त्या मुलांचं शिकणं दुकानावाचून अडलं नाही.

चालायला शिकवण्यासाठी चाकांचा वॉकर मात्र आणूच नका, कुणी भेट दिला तरी परत करा. त्यात बसून मूल जिन्यावरून किंवा उंबऱ्यावरून कोसळतं, आणि चालायला लवकर शिकतं असंही नाही. कॅनडाने २००४ साली त्यावर बंदीच घातली. आपला जुना पांगुळगाडा वेगळा. तो मूल स्वतःच्या पायावर उभं राहून ढकलतं. तोही नसेल तर बैठं, जड स्टूल चालतं.

आता धोक्यांबद्दल. घरातली वस्तू आपोआप सुरक्षित होत नाही, म्हणून हा भाग दोनदा वाचा. खेळण्यांच्या तपासणीत सुमारे ३२ मिलिमीटर व्यासाचं एक नळकांडं वापरतात, म्हणजे दहा रुपयांच्या नाण्याहून थोडं मोठं. त्यात पूर्ण बसणारी कोणतीही वस्तू तीन वर्षांखालच्या मुलाच्या हातात नको. शेंगदाणा, हरभरा, वाटाणा, चिंचोका, सीताफळाची बी, मणी, बाटलीचं बूच हे सगळं त्यात बसतं. चिंचोके आणि सागरगोटे खेळायचं वय पुढे येतंच, तोवर डबी वरच्या फळीवर राहू द्या. शेंगदाणा श्वासनलिकेत गेला तर मुलाला अचानक जोराचा ठसका लागतो. मग खोकला थांबतो आणि घरच्यांना वाटतं, निभावलं. दाणा आतच असतो. असा ठसका लागून गेला असेल तर मूल हसत-खेळत असलं तरी त्याच दिवशी दवाखान्यात आणा.

मूल जोरात खोकत असेल तर खोकू द्या. आवाजच फुटत नसेल आणि ते निळं पडत असेल तर कुणाला तरी १०८ ला फोन करायला सांगा. बाळ एक वर्षाखालचं असेल तर हातावर पालथं, डोकं खाली करून धरा आणि दोन खांद्यांच्या मध्ये पाच थापा द्या. मग उताणं करून छातीच्या मध्यावर पाच वेळा दाबा, आणि हे आलटून पालटून करत राहा. घशात आंधळेपणाने बोट घालू नका, वस्तू आणखी आत जाते.

रिमोटमधली, गाणाऱ्या शुभेच्छापत्रातली ती चपटी गोल बॅटरी अन्ननलिकेत अडकली तर दोन तासांत जखम करू शकते. मुलाने ती गिळल्याची नुसती शंका आली तरी उलटी करवत बसू नका, थेट मोठं रुग्णालय गाठा. पाण्याचा खेळ संपला की बादली लगेच उपडी करा. बादलीतलं थोडं पाणीही लहान मुलाला बुडवायला पुरतं.

जी खेळणी घरात आधीच आहेत ती फेकू नका. चार बाहेर ठेवा, बाकीची पिशवीत बांधून कपाटावर टाका आणि पंधरा दिवसांनी बदला. सोसायटीतल्या पाच-सहा घरांनी मिळून खेळण्यांची पेटी फिरवली तरी चालेल. अमेरिकेत लॉस एंजलिसला १९३५ पासून पुस्तकांसारखी खेळणी घरी न्यायला देतात. मूल शाळेत जाऊ लागलं की अरविंद गुप्ता यांची टाकाऊ वस्तूंपासून बनवायची खेळणी बघा. आगपेटीच्या काड्या आणि सायकलच्या व्हॉल्व्ह ट्यूबचे तुकडे जोडून मुलं त्रिकोण, चौकोन, घनाकृती स्वतः बांधतात. ते बांधणंच त्यांचा खेळ होतो.

आजी-आजोबांना वाढदिवसाला काही द्यायचंच असेल, तर रोज संध्याकाळचा अर्धा तास द्या, मोबाइल दुसऱ्या खोलीत ठेवून. आणि पुढच्या वेळी तपासणीला याल तेव्हा पिशवीत एक झाकणाचा डबा आणि चार-सहा बांगड्या टाका, काचेच्या सोडून. माझ्याकडे थांबावं लागतं हे मला माहीत आहे. तो वेळ मुलाच्या हाती मोबाइल देऊन काढू नका.