संगणकाला प्रश्न विचारताना



शाळेच्या कार्यालयात दाखला मागायला तुम्ही कधीतरी गेला असाल. लेखनिक कपाटातून एक जाड रजिस्टर काढतात. "कोणत्या साली प्रवेश घेतला होतास?" असे विचारतात. साल सांगितले की ते बरोबर ते पान उघडतात, नावांवरून बोट फिरवतात आणि तुमच्या नावापाशी थांबतात. पण समजा, मुख्याध्यापकांनी त्यांना विचारले, "आठवीतल्या किती मुलांनी अजून बँक खात्याचा क्रमांक दिलेला नाही?" आता मात्र पंचाईत! आठवीच्या सगळ्या तुकड्यांची सगळी पाने वाचल्याशिवाय उत्तर मिळणार नाही.

हेच रजिस्टर संगणकात असले, तर उत्तर क्षणात मिळते. अट एकच. प्रश्न संगणकाच्या भाषेत विचारावा लागतो. ती भाषा आज आपण थोडीशी शिकणार आहोत.

भाषा म्हटली की तुम्ही घाबराल. उर्दू, मराठी, हिंदी, इंग्रजी, आणि त्यात आणखी एक! पण घाबरू नका. दप्तर, अर्ज, तारीख, दाखला, हजर हे मराठीतले कार्यालयी शब्द तुम्हांला कुणी शिकवावे लागले नाहीत. ते फारसी-अरबीतून आले आणि मराठीचेच होऊन बसले. या नव्या भाषेतही रोजच्या कामाचे शब्द आठ-दहाच आहेत.

या भाषेचे नाव एसक्यूएल. तिच्यामागचा विचार एडगर कॉड यांचा. ते मूळचे इंग्लंडचे. अमेरिकेत आयबीएम कंपनीच्या प्रयोगशाळेत काम करत असताना १९७० साली त्यांनी एक निबंध प्रसिद्ध केला. माहिती साध्या तक्त्यांत ठेवावी, आणि मागणाऱ्याने फक्त काय हवे ते सांगावे, ते कुठे ठेवले आहे याची चिंता त्याने करू नये, असे त्यांचे म्हणणे होते. त्याच कंपनीतील डोनाल्ड चेंबरलिन आणि रेमंड बॉइस या दोघांनी १९७४ साली अशी मागणी करण्याची भाषा तयार केली. तिला त्यांनी 'सीक्वेल' असे नाव दिले होते. पुढे ते नाव दुसऱ्या एका कंपनीचे असल्याचे कळले आणि नाव आखडून एसक्यूएल झाले.

आपण जे साधन वापरणार आहोत, त्याचे नाव एसक्यूलाइट. रिचर्ड हिप या अमेरिकन गृहस्थांनी ते २००० साली तयार केले आणि सर्वांना फुकट देऊन टाकले. तुमच्या घरी अँड्रॉइडचा फोन असेल, तर त्यातील नावे आणि फोन नंबर एसक्यूलाइटच्याच तक्त्यांत असतात. म्हणजे तुम्ही ते रोज वापरता, फक्त त्याच्याशी बोलत नाही.

एसक्यूलाइटच्या संकेतस्थळावर 'फिडल' नावाचे एक पान आहे. ब्राउझरमध्ये ते पान उघडले की झाले. काही बसवावे लागत नाही, नाव नोंदवावे लागत नाही, पैसेही लागत नाहीत. पानावर एक चौकट प्रश्न लिहिण्यासाठी आणि दुसरी उत्तरासाठी असते. लिहून झाले की 'रन' हे बटण दाबायचे. फोनवरही हे पान उघडते, पण एवढ्याशा कळफलकावर लिहिताना जीव मेटाकुटीला येतो. शाळेतल्या संगणकावर बसूनच करा.

एक गोष्ट आधी सांगतो. आज्ञेचे शब्द इंग्रजी अक्षरांतच टाइप करावे लागतात. या पाठात ते उच्चाराप्रमाणे देवनागरीत छापले आहेत, म्हणजे तुम्हांला मोठ्याने वाचता येतील. अंकही इंग्रजी पद्धतीचे टाइप करायचे. मात्र तक्त्याचे आणि रकान्यांचे नाव मराठीत दिले तरी एसक्यूलाइटला चालते, उर्दूत दिले तरी चालते.

चला, तक्ता आखू या.

क्रिएट टेबल विद्यार्थी (नाव, इयत्ता, खाते);

'क्रिएट टेबल' म्हणजे तक्ता तयार कर. कंसात तीन रकाने दिले. शेवटी अर्धविराम दिला. मराठीत वाक्य संपले की पूर्णविराम देतो, या भाषेत अर्धविराम देतात. तो विसरू नका.

आता नावे भरू.

इन्सर्ट इंटू विद्यार्थी व्हॅल्यूज ('सलमा', ८, '००४५');
इन्सर्ट इंटू विद्यार्थी व्हॅल्यूज ('जावेद', ८, '००७१');
इन्सर्ट इंटू विद्यार्थी व्हॅल्यूज ('इम्रान', ८, '');
इन्सर्ट इंटू विद्यार्थी व्हॅल्यूज ('रेहाना', ८, नल);

नावांना एकेरी अवतरणचिन्हे आहेत. ती साधी, सरळ असावी लागतात. काही संगणक आपल्या शहाणपणाने वळणदार चिन्हे घालतात, ती चालत नाहीत. इयत्तेला चिन्हे नाहीत, कारण ती संख्या आहे. मग खात्याला का दिली? तोही क्रमांकच आहे ना? चिन्हे काढून टाकली, तर संगणक ००४५ ही संख्या समजून ४५ असे लिहून ठेवील. खात्याच्या क्रमांकांची आपण बेरीज करत नाही. तो क्रमांक म्हणजे खात्याचे नावच आहे.

इम्रान आणि रेहाना यांच्या ओळींकडे आपण पुन्हा येणार आहोत. आधी सगळा तक्ता पाहू.

सिलेक्ट * फ्रॉम विद्यार्थी;

'सिलेक्ट' म्हणजे निवड, 'फ्रॉम' म्हणजे कशातून. फुली म्हणजे सगळे रकाने. रन दाबा. चारही ओळी समोर येतील. फक्त सलमाची ओळ हवी असेल, तर 'व्हेअर' लावून अट घालायची.

सिलेक्ट * फ्रॉम विद्यार्थी व्हेअर नाव = 'सलमा';

'सिलेक्ट' या शब्दातले एखादे अक्षर मुद्दाम गाळून पाहा. संगणक लगेच तक्रार करील आणि कोणत्या शब्दापाशी तो अडला तेही सांगेल. पुष्कळ मुले ही तक्रार पाहून हात आखडतात. अशा चुकीला भिऊ नका. जी चूक ओरडून सांगते, ती नुकसान करत नाही. गप्प राहणाऱ्या चुकीचे भय बाळगा. ती कशी असते, ते आता पाहा.

खाते न दिलेल्या मुलांची नावे आपल्याला हवी आहेत.

सिलेक्ट नाव फ्रॉम विद्यार्थी व्हेअर खाते = '';

उत्तर येते, इम्रान. एकच नाव. रेहाना कुठे गेली? तिचेही खाते नाही. संगणकाने तक्रार केली नाही, काही अडले असेही म्हणाला नाही. निमूटपणे एक नाव दिले आणि थांबला.

इम्रानच्या रकान्यात कुणीतरी काहीही न लिहिता फक्त अवतरणचिन्हे टाकली. ते रिकामे उत्तर आहे. रेहानाच्या रकान्यात नल आहे. नल म्हणजे उत्तरच मिळालेले नाही. परीक्षेत एका मुलाने कोरा पेपर दिला आणि दुसरा मुलगा परीक्षेलाच आला नाही, तसा हा फरक आहे. गुणपत्रिकेत एकाला शून्य मिळते, दुसऱ्यापुढे गैरहजर लिहितात. पुष्कळ साधनांत हे दोन्ही रकाने डोळ्यांना सारखेच कोरे दिसतात. संगणकाला मात्र ते वेगळे आहेत.

नलची चाल आणखी पाहा. 'खाते = नल' असे विचारले, तर एकही ओळ येत नाही. बरे, ज्यांचे खाते '००४५' नाही ती सगळी मुले दे, असे म्हटले,

सिलेक्ट नाव फ्रॉम विद्यार्थी व्हेअर खाते <> '००४५';

तर जावेद आणि इम्रान येतात. रेहाना याही वेळी नाही! संगणकाचे म्हणणे असे, की रेहानाचे खाते मला माहीतच नाही, मग ते '००४५' आहे असे कसे म्हणू आणि नाही असे तरी कसे म्हणू? त्याच्या जागी तो बरोबर आहे. गैरहजर मुलासाठी वेगळा प्रश्न विचारावा लागतो.

सिलेक्ट नाव फ्रॉम विद्यार्थी व्हेअर खाते इज नल ऑर खाते = '';

'ऑर' म्हणजे किंवा. आता इम्रान आणि रेहाना दोघेही येतात.

एवढ्याशा गोष्टीवर मी इतका वेळ का घालवतो, असे तुम्हांला वाटेल. त्याचे कारण सांगतो. काही वर्षांपूर्वी मी आठवीचा वर्गशिक्षक होतो. शिष्यवृत्तीचे अर्ज भरायचे होते. ज्यांचा खाते क्रमांक आलेला नाही, त्यांच्या घरी फोन करायचे काम माझ्याकडे होते. मी मोठ्या ऐटीत संगणकापुढे बसलो आणि तुम्ही आत्ता लिहिलात तोच पहिला प्रश्न लिहिला. तीन नावे आली. तिघांच्या घरी फोन केले, तिघांचे पालक पासबुक घेऊन आले, आणि काम संपले म्हणून मी घरी गेलो.

वर्गात एक चौथी मुलगी होती. तिच्या रकान्यात नल होता. तिच्या घरी फोन गेला नाही, तिचा अर्ज अपुरा राहिला आणि मुदत संपली. तिचे वडील यंत्रमागावर काम करतात. एक पाळी बुडवून ते शाळेत आले. रागावले नाहीत. एवढेच म्हणाले, "सर, मशीनने हमारी बच्ची का नाम नहीं निकाला क्या?"

मी काय सांगणार? संगणकाने काही चुकीचे केले नव्हते. मी जे विचारले, त्याचे त्याने खरे उत्तर दिले होते. त्या वर्षीची रक्कम गेली ती गेलीच.

तुमच्या-आमच्या नावांच्या बाबतीत अशी गप्प चूक आणखी एका वाटेने येते. एखाद्या तक्त्यात नावे उर्दू लिपीत आहेत, असे समजा. तुम्ही 'सय्यद' हे नाव शोधता. समोर ते नाव लिहिलेले तुम्हांला स्पष्ट दिसते, तरी संगणक म्हणतो, असे नाव नाही. असे का होते? संगणक अक्षराचा आकार पाहत नाही, त्याचा क्रमांक पाहतो. उर्दू कळफलकावरच्या 'ये'चा क्रमांक १७४० आहे आणि अरबी कळफलकावरच्या 'ये'चा १६१०. शब्दाच्या शेवटी दोघांतला फरक दिसतो, कारण अरबी 'ये'खाली दोन नुक्ते असतात. पण 'सय्यद'मध्ये ती मध्यभागी येते आणि तिथे दोघीही अगदी सारख्या दिसतात. 'काफ'चेही असेच आहे, उर्दूचा १७०५ आणि अरबीचा १६०३. म्हणून नाव सापडले नाही, तर दुसऱ्या कळफलकाने लिहून पुन्हा शोधा. इंग्रजी अक्षरांत तर एकाच मोहम्मदचे चार-पाच प्रकार होतात, हे तुमच्या स्वतःच्या कागदपत्रांवरून तुम्हांला ठाऊकच असेल.

मग उत्तर पुरते आहे की नाही, हे ओळखायचे कसे? सहलीला गेल्यावर आपण काय करतो? बसमध्ये चढताना मुले मोजतो आणि उतरताना पुन्हा मोजतो. तसेच येथे करायचे.

सिलेक्ट काउंट(*) फ्रॉम विद्यार्थी;

'काउंट' म्हणजे मोज. उत्तर येते ४. आता खाते असलेली मुले मोजा.

सिलेक्ट काउंट(*) फ्रॉम विद्यार्थी व्हेअर खाते <> '';

उत्तर २. माझ्या पहिल्या प्रश्नाने नसलेली मुले दाखवली होती १. दोन आणि एक तीन होतात, मुले तर चार आहेत! ही बेरीज मी त्या दिवशी केली असती, तर एक मुलगी कुठे राहिली हे मला तेव्हाच विचारावे लागले असते.

फिडलमध्ये भरलेला तक्ता ब्राउझरचे पान बंद करताच नाहीसा होतो. शिकण्यासाठी हे बरेच आहे, हवे तितके बिघडवा आणि पुन्हा करा. तक्ता जपायचा असेल, तर पान बंद करण्याआधी 'डाउनलोड' हे बटण दाबून त्याची फाइल उतरवून घ्या. पुढच्या वेळी तीच फाइल पुन्हा उघडता येते. शाळेच्या खऱ्या तक्त्यावर मात्र हात चालवू नका. आपल्या मित्रांची खरी खाती सरावासाठी लिहू नका, मी लिहिली तशी खोटीच लिहा.

आता तुम्ही या तक्त्यात आणखी सहा नावे घाला. दोघांचे खाते नल ठेवा, एकाचे रिकामे ठेवा. रन दाबण्याआधी किती ओळी येतील, ते वहीत लिहा. मग दाबा. वहीतला आकडा आणि समोरचा आकडा जुळला नाही, तर पुढे जाऊ नका. कुठली ओळ निसटली, ती शोधा.

माझ्या वर्गाची यादी मी आता अशीच जुळवतो. मागच्या वर्षी खाते असलेली ४१ आणि नसलेली ३, मिळून ४४ झाली. संगणकही एकूण ४४ म्हणाला. बेरीज चोख होती. तरी सवयीने मी हजेरीपट उघडला, तर त्यात ४५ नावे. ऑगस्टमध्ये दुसऱ्या शाळेतून आलेला एक मुलगा शेवटच्या बाकावर बसत होता. हजेरीत त्याचे नाव मी स्वतः शाईने लिहिले होते, संगणकात मात्र ते कुणीच घातले नव्हते. मधल्या सुट्टीत त्याला बोलावले, नावाचे स्पेलिंग त्यालाच विचारले आणि पंचेचाळिसावी ओळ भरली.