क्लास चालवताय? मग गुणांसोबत शेऱ्यांचाही हिशोब ठेवा!

स्वतःचा क्लास सुरू करताय, किंवा नुकताच केलाय? मग आजचा धडा खास तुमच्यासाठी.

समजा, तुमच्याकडे आठवीची 25 मुलं आहेत. दर आठवड्याला गणिताचं एक काम तपासता. म्हणजे महिन्याला 100 कामं आणि 100 शेरे. महिनाअखेरीस एक पालक विचारतात, "सर, मुलात फरक काय पडला?" तुम्ही काय दाखवणार? 12, 14, 13 असे गुण? पेपर सोपा निघाला की गुण वाढतात, अवघड निघाला की उतरतात. त्यातून तुमची मेहनत दिसत नाही.

बरेच जण गूगल क्लासरूम वापरतात. साध्या जीमेल खात्यावरही ते फुकट चालतं. पण त्याचं ग्रेड्सचं पान उघडून बघा. तिथे ओळीने फक्त आकडे दिसतात. तुम्ही लिहिलेला शेरा त्या त्या कामाच्या आत दडलेला असतो. मागच्या महिन्यात कोणाला काय सांगितलं, हे बघायला एकेक काम उघडावं लागतं. ते कोणी करत नाही. मग तीच चूक, तोच शेरा, ये रे माझ्या मागल्या!

उपाय सोपा आहे. गूगल शीटमध्ये सहा रकाने करा:

1. तारीख
2. विद्यार्थी
3. काम
4. चुकीचा प्रकार
5. शेरा
6. पुढच्या कामात सुधारलं का?

चौथ्या आणि सहाव्या रकान्याला ड्रॉपडाउन लावा. चुकीचे प्रकार सात-आठच ठेवा: चिन्हाची चूक, सूत्र चुकलं, पायरी गाळली, उदाहरण नीट वाचलं नाही, असे. सहाव्यात तीनच पर्याय: हो, थोडं, नाही.

शेरा कसा लिहायचा? "लक्ष दे" हा शेरा नव्हे. "कंसाबाहेर वजा असेल तर आतलं प्रत्येक चिन्ह बदल" हा शेरा. मुलाला पुढे काय करायचं ते कळलं पाहिजे. आणि एका कामाला एकच मुख्य शेरा. एका ओळीला अर्धा मिनिट धरला, तर 25 मुलांचे साधारण साडेबारा मिनिटं होतात.

सगळ्यात महत्त्वाचा आहे सहावा रकाना. तो आज भरायचा नाही, पुढचं काम तपासताना भरायचा. आठवड्यातून एकदा "नाही" वर फिल्टर लावा. एकच मूल वारंवार दिसलं, तर त्याला दहा मिनिटं वेगळी द्या. एकच चूक दहा मुलांत दिसली, तर दोष मुलांचा नाही. तो भाग आपण परत शिकवायचा.

अजून एक गोष्ट. 1988 मध्ये रूथ बटलर यांनी इस्रायलमधल्या शाळकरी मुलांवर केलेला एक अभ्यास प्रसिद्ध झाला. ज्यांना फक्त शेरे मिळाले, त्यांची पुढची कामगिरी सुधारली. ज्यांना शेऱ्यासोबत गुणही मिळाले, त्यांना तसा फायदा झाला नाही. म्हणून सरावाच्या कामाला गुण देऊच नका. क्लासरूममध्ये 'अनग्रेडेड' पर्याय असतो, तो निवडा. गुण चाचणीपुरते ठेवा.

आणि सांभाळून हं! पूर्ण शीट पालकांच्या ग्रुपवर कधीच टाकू नका. प्रत्येक पालकाला फक्त त्यांच्या मुलाच्या ओळी दाखवा. मुलांची माहिती ऑनलाइन ठेवताय, तर प्रवेशाच्या फॉर्मवरच पालकांची लेखी संमती घ्या.

आता त्या पालकांना तुम्ही म्हणू शकता, "जूनमध्ये चिन्हाची चूक सहा वेळा झाली, ऑगस्टमध्ये एकदाच." हे ऐकलेला पालक फी कमी करा म्हणत नाही. तो शेजाऱ्याच्या मुलालाही घेऊन येतो.

तुमचा गृहपाठ: आज रात्री फक्त पाच मुलांची शीट बनवा. दोन आठवडे भरा. मग सहावा रकाना वाचा. तुमचा क्लास नेमका कुठे कमी पडतोय, ते तिथेच दिसेल.